साठीचा धाकटा

माइकमधून आधी नुसती खरखर आली, मग गाईड मुलीचा आवाज आला. "आणि मंडळी, आज आपल्या बसमध्ये एक गंमत आहे! माझ्याकडच्या कागदावर दोन सीटपुढे एकच जन्मतारीख आहे. साल एक, महिना एक आणि दिवससुद्धा आजचाच. म्हणजे आपल्याबरोबर जुळे भाऊ आहेत, आणि आज दोघांची साठी आहे!" बस नुकतीच शहराबाहेर पडली होती. रस्त्याच्या कडेला टायरची दुकानं आणि अर्धवट बांधलेल्या इमारती मागे पडत होत्या. त्याला वाटलं, आता भावोजी सांगतील. सांगायला काय लागतं, एक वाक्य. ही सीट माझ्या बायकोची, याच्या जुळ्या बहिणीची, ती गेली, तिकिटाचे पैसे परत मिळत नव्हते म्हणून मी आलोय. पण खिडकीशी बसलेले भावोजी चांगले उभे राहिले, टपाला डोकं लागू नये म्हणून मान वाकवून त्यांनी वर्गात हजेरी देतात तसा हात वर केला. बसनं टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "जुळे? छे, एकाला दुधात वाढवलाय आणि एकाला उन्हात!" सगळे हसले. भावोजीही हसले. तो मात्र समोरच्या सीटच्या पाठीवरच्या जाळीत खुपसलेल्या पाण्याच्या बाटलीकडे बघत राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. भावोजी खाली बसले, मांडीवरची पिशवी सारखी केली आणि त्याच्याकडे न बघता हळू म्हणाले, "राहू दे ना. कशाला सगळ्यांचा दिवस खराब करायचा." त्यावर त्याला बरंच काही बोलायचं होतं. पण बोलायचं असलेलं त्याच्या तोंडापर्यंत कधी वेळेवर पोचलेलं नव्हतं.

तिकिटं ताईनं काढली होती, मागच्या वर्षी, आजारावरचे उपचार सुरू झाल्यावर. "साठी डोंगरात करायची," तिनं फोनवर जाहीर केलं होतं. "एक दिवसाची सहल आहे, बसनं नेतात, बसनं आणतात, तुला काही म्हणजे काही करायचं नाही. तोवर मी बरी होते." ती असंच बोलायची, बरं होणं हे जणू पाणीपुरवठा खात्यातल्या तिच्या टेबलावरचं एखादं प्रकरण होतं आणि ती ते महिनाअखेर निकालात काढणार होती. ती थंडीत गेली. सहलीचं तो विसरूनही गेला होता. गेल्या आठवड्यात भावोजींचा फोन आला की दोन सीट आहेत, आपण जाऊ. आपण म्हणजे तो आणि भावोजी. गेल्या पस्तीस वर्षांत ते दोघे ताई खोलीत नसताना पाच मिनिटंही एकत्र बसले नव्हते. भावोजी लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत होते. उंच, खड्या आवाजाचा माणूस. घरात शिरल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं, "काय रे, दातांचा कारखाना काय म्हणतो?" आणि त्याचं उत्तर ठरलेलं, "चाललंय." मग ताई स्वयंपाकघरातून ओरडायची, "त्याला छळू नका हो." तो नाही म्हणू शकला असता. पण नाही म्हणायला कारण लागतं आणि कारण शोधायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात भावोजींनी, "मग ठरलं," म्हणून फोन ठेवला होता.

चढण लागली. वळणं सुरू झाली. पलीकडच्या सीटवर हिरव्या मफलरच्या एक बाई होत्या, एकट्याच आलेल्या, बोलक्या. त्यांनी पिशवीतून आवळ्याच्या सुपारीची डबी काढून दोघांपुढे धरली. तो सवयीनं त्यांच्या तोंडाकडे बघत होता. वरची कवळी जुनी होती, चावा थोडा डावीकडे सरकलेला, म्हणून त्या बोलताना 'स' जरा जास्त दाबायच्या. चाळीस वर्षं तो हेच बघत आला होता. माणसं त्याच्याकडे माणसं म्हणून यायचीच नाहीत, दवाखान्यातून प्लॅस्टरचे साचे यायचे, वरचा जबडा, खालचा जबडा, आणि तो त्यांच्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवायचा, एकेक दात बसवायचा, बर्नरच्या ज्योतीवर सुरी तापवून कडा सारख्या करायचा. खिडकीत ओळीनं मांडलेली ती तोंडं हसत नसत आणि बोलत नसत, त्यामुळे त्याला बरं वाटायचं. हे कामही ताईनंच शोधलं होतं. वडील गेल्यावर शिक्षण थांबणार हे उघड होतं, पण ते कुणाचं थांबणार हे तिनं कुणाला विचारलं नाही. गल्लीच्या टोकाला दातांच्या कामाची खोली होती, तिथे जाऊन ती बोलून आली आणि रात्री जेवताना म्हणाली, "धाकट्या, सोमवारपासून जायचंय तुला. हात चांगले आहेत तुझे." ती शिकली, नोकरीला लागली, तिच्या पगारावर घर चाललं. त्याला राग आला होता का? त्याला आठवत नव्हतं. मोठी बहीण सांगते, धाकट्यानं करायचं, एवढंच त्याला माहीत होतं. मोठी म्हणजे केवढी मोठी, तर पंधरा-वीस मिनिटांची. पण त्या मिनिटांवर ती आयुष्यभर तोऱ्यात चालली. त्यांच्या दिसण्यात काही साम्य नव्हतं असं लोक म्हणत. साम्य होतं, ते फक्त त्यालाच माहीत होतं. दोघांचाही वरचा एक पुढचा दात शेजारच्यावर किंचित चढलेला होता, तेवढाच, त्याच कोनात. सकाळी आरशासमोर दात घासताना तो अजूनही तिथे येऊन जरा थांबायचा.

"तुमच्यात मोठं कोण?" मफलरवाल्या बाईंनी विचारलं. हा प्रश्न येणारच होता, जुळ्यांना जन्मभर तो येतो. त्याच्या तोंडात उत्तर तयारच होतं, ताई. ते त्यानं ओठांवरून मागे गिळलं. भावोजी मात्र खिडकीतून न वळता म्हणाले, "हा. हा मोठा." "वाटत नाही हो," बाई म्हणाल्या, "तुम्हीच मोठे वाटता." "हो ना," भावोजी म्हणाले, "सगळ्यांनाच तसं वाटायचं." आणि त्यांनी आवळ्याची सुपारी तोंडात टाकली. त्याला वाटलं, मजा करतायत. एकदा खोटं बोलायला बसल्यावर माणसाला चव लागते. पण त्यांच्या आवाजात मजा नव्हती, ते त्याला खटकलं आणि पुढच्या कितीतरी वळणांवर ते तसंच आत अडकून राहिलं.

डोंगर दिसलेच नाहीत. पहिल्या थांब्यावर धुकं होतं, दुसऱ्या थांब्यावर धुकं होतं. गाईड प्रत्येक ठिकाणी उतरून पांढऱ्या भिंतीकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, "इथून समोर सात शिखरं दिसतात," आणि माणसं खरोखर तिकडे बघायची, फोटोही काढायची. जेवण एका लांबट हॉटेलात होतं. तिथे तिनं केक आणवला. दोघांना शेजारी उभं केलं, दोघांच्या हातात मिळून एकच सुरी दिली. भावोजींचा हात त्याच्या हातावर आला. मोठा, खरखरीत, गार हात. सगळे टाळ्या वाजवून गात होते. "एकमेकांना भरवा!" कुणीतरी ओरडलं. भावोजींनी तुकडा उचलून त्याच्या तोंडाशी नेला. इतक्या जवळून त्यानं त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता. डोळ्यांखाली कातडी ओघळलेली, दाढी करताना गालावर एक पट्टा राहून गेलेला. ताई असती तर घराच्या दारातच तिनं मागे पाठवलं असतं. त्यानं तुकडा खाल्ला. या दिवशी ताई त्याला भरवायची नाही, पुढ्यातलं निम्मं उचलून घ्यायची, म्हणायची मोठीचा वाटा मोठा.

सगळ्यात उंचावरच्या ठिकाणी बस थांबली तेव्हा दुपार कलली होती. वाहनतळापासून खाली पायऱ्या जात होत्या, शेवटी कठडा आणि एक बाक. गार वारा होता, धुकं इतकं दाट की पुढची पायरी पायानंच शोधायची. बाकीचे चहाच्या टपरीजवळच घुटमळले. ते दोघेच खाली उतरले, कारण भावोजी उतरले आणि तो मागून गेला. बाक ओला होता. भावोजींनी रुमालानं दोघांपुरता पुसला. समोर काहीच नव्हतं. दरी होती असं म्हणायचं, नुसता खालून एक थंड श्वास येत होता.

"बसमध्ये तुम्ही उगाच म्हणालात," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला. "मी मोठा म्हणून."

"उगाच नाही."

"म्हणजे?"

भावोजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. काचेवर लगेच धुकं बसलं. "तुझी आई आजारी होती ना, शेवटचं. तेव्हा तिनं हिला सांगितलं. तू आधी आलास. पण आलास आणि गप्प पडून राहिलास. निळा पडला होतास म्हणे. सगळे तुझ्याभोवती, कुणाला वाटेना तू राहशील. तेवढ्यात मागून ही आली आणि हिनं घर डोक्यावर घेतलं. तू रडलास ते नंतर, बऱ्याच वेळानं. तर तुझी आई म्हणाली, रडली ती आधी, म्हणून तीच मोठी. आणि तेच पुढे चालू राहिलं."

खालून वारा आला. त्याला एकदम वडील गेले ती सकाळ दिसली. बाबांच्या कारखान्यातून निरोप आला होता, ओळख पटवायला कुणीतरी चला. आई उठण्यातली नव्हती. सतरा वर्षांची ती दोघं इस्पितळाच्या शवागारात गेली होती. हिरव्या रंगाचं दार होतं, त्याचा रंग खालून पोपडे येऊन निघालेला. माणूस म्हणाला, एकच जण आत या, मोठं कोण? ताई म्हणाली, मी. तो बाहेरच्या बाकावर बसला, आणि दाराच्या खालच्या फटीतून तिची पावलं बघत राहिला. पावलं आत गेली, थांबली, बराच वेळ तशीच थांबली. ती बाहेर आली तेव्हा तिचं तोंड पांढरं होतं. ती म्हणाली, "बाबाच आहेत. तू नको बघूस." त्यानं पाहिलं नाही. आयुष्यात तेवढा एकच चेहरा त्याला जसा जिवंत होता तसाच आठवतो, तो त्यामुळे. आणि ताई कधीतरी मध्येच, जेवताना वगैरे, हातातला घास खाली ठेवायची आणि भिंतीकडे बघत बसायची. ते दार त्याचं होतं. त्या माणसानं मोठं कोण विचारलं तेव्हा त्यानं उठायला हवं होतं. पण तेव्हा तिला तरी कुठे माहीत होतं?

"मग कळल्यावर तिनं मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं तिला, सांग. ती म्हणाली..." भावोजी अडखळले. "आता राहू दे. जाऊ दे."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तो मोठेपण घेऊन काय करणार? घाबरून जाईल."

तो उठला. त्याला कुठे जायचं होतं असं नाही, बसणं अशक्य झालं म्हणून उठला. पायऱ्या चढताना त्याचा श्वास फुलला आणि छातीत काहीतरी रागासारखं, पण रागापेक्षा जुनं, वर येऊ लागलं. घाबरून जाईल. ताईनं बघितलेल्या मुलींना तो कधी हो म्हणाला नव्हता, नाहीही म्हणाला नव्हता, शेवटी मुलीच यायच्या थांबल्या. घर बदलायचं की नाही, पोटाचं ऑपरेशन करायचं की नाही, सगळं तिला विचारून. आणि तिच्या स्वतःच्या आजाराचं तिनं त्याला कधी सांगितलं, तर केस गळायला लागल्यावर, टोपी घालून समोर येऊन बसली तेव्हा. खरं काय ते तिला माहीत होतं. माहीत असूनही ती पुढेच चालत राहिली, प्रत्येक दार आधी आपण उघडत, याला मागे ठेवत. याला माया म्हणायचं की मिजास? दोन्ही असेल. तिच्यात दोन्ही होतं. पण तिनं एकदा तरी विचारून बघायला हवं होतं. तो घाबरला असता, कबूल, पण घाबरून आत तर गेला असता.

बसमध्ये ऊब होती, ओल्या लोकरीचा आणि संत्र्याच्या सालींचा वास होता. तो आपल्या सीटवर बसला. शेजारची खिडकीची जागा रिकामी. हळूहळू माणसं चढली, हात चोळत, चहाचे कागदी कप घेऊन. गाईडनं मोजायला सुरुवात केली, मागपर्यंत गेली, परत आली. "काका, तुमचे भाऊ कुठायत?" त्यानं मान वर केली. "खाली," तो म्हणाला. "बाकावर." ड्रायव्हरनं घड्याळ बघितलं. अंधार पडायच्या आत घाट उतरायचा होता. "मी बोलावून आणते," गाईड म्हणाली. तो एकदम उभा राहिला. "नको. मी जातो."

या वेळी पायऱ्या जास्त वाटल्या. धुक्यात त्याला बाक दिसेना. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. "भावोजी!" आवाज दोन हातांवर जाऊन विरला. मग बाक दिसला, रिकामा होता. भावोजी बाकाच्या पलीकडे, कठड्याला पाठ लावून जमिनीवरच बसले होते. चष्मा हातात. लांब पाय कसेतरी दुमडलेले.

"मला वाटलं गेलात," ते म्हणाले. पस्तीस वर्षांत त्यांनी त्याला पहिल्यांदाच अहोजाहो केलं होतं, आणि ते त्यांच्या लक्षातही आलेलं दिसत नव्हतं. "काही दिसेना. उठायला गेलो तर पाय कुठे पडतोय कळेना. म्हटलं, बसावं इथंच."

"उठा. बस थांबलीय."

"हो." पण ते उठले नाहीत. "पुढच्या गुरुवारी मी मुलाकडे जातोय, कायमचा. तो न्यायला येतोय. कायमचा. तिकडची भाषा येत नाही, थंडी सोसत नाही, पण नाही म्हणू कसा? घर विकायला काढलंय." वरून हॉर्न वाजला. धुक्यात तो एखाद्या जनावरानं हंबरावं तसा आला. भावोजी उठायला धडपडले.

"थांबा," तो म्हणाला आणि त्यांच्याशेजारी खाली बसला. जमिनीची ओल लगेच पँटमधून आत आली. "थांबू दे त्यांना. श्वास घ्या आधी."

हॉर्न परत वाजला, लांबलचक. तो हलला नाही. ओरडणारा कुणीतरी वर आहे आणि आपण खाली बसून आहोत, हे त्याच्या अंगाला नवीन होतं. भीती होतीच. ती आहे तशी राहिली आणि तो बसून राहिला. भावोजींच्या नाकातून पाणी येत होतं. ते त्यांनी बाहीनं पुसलं, लहान मुलासारखं. मग त्यानं त्यांच्या काखेत हात घातला, उठवलं आणि दोघे एकेक पायरी चढले, वजन सगळं त्याच्या खांद्यावर. बसमध्ये सगळ्यांची तोंडं वाकडी झाली होती. गाईड काही बोलणार तेवढ्यात तो म्हणाला, "उशीर माझ्यामुळे झाला. चला आता."

घाट उतरताना बहुतेक सगळे झोपले. भावोजी झोपले नाहीत. शहराचे दिवे दिसायला लागले तेव्हा ते म्हणाले, "सकाळपासून एक सांगायचं होतं. त्यासाठीच आलो मी. सहलीची मला काय हौस आहे?"

"सांगा."

"घर सगळं आवरलं. भांडी दिली, पुस्तकं दिली. तिचं कपाट राहिलंय. रोज समोर जाऊन उभा राहतो. किल्ली लावतो आणि काढतो. मुलाला सांगितलं तर तो माणसं बोलावून एका दिवसात रिकामं करील, ते मला नको. म्हटलं, घरातलं मोठं कुणी असतं तर..." ते थांबले. "तर त्यानं उघडलं असतं."

त्यानं खिडकीकडे पाहिलं. काचेत दोघांचेही चेहरे होते, त्यांच्यामधून दिवे सरकत होते. उद्या सकाळी कामावर जायचं होतं, एक पूर्ण कवळी मेणात होती, दुपारी ती दवाखान्यात न्यायची होती. त्याला म्हणायचं होतं, बघू. सवयीनं तो बघू म्हणायचा.

"आत्ता जाऊ," तो म्हणाला.

भावोजींच्या थांब्यावर दोघेही उतरले. मफलरवाल्या बाईंनी हात हलवला. जिन्यातला दिवा बंद होता. घर आतून ओळखू येत नव्हतं. पडदे काढलेले, भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन, कोपऱ्यात दोरीनं बांधलेली खोकी, बोललेलं घुमून परत अंगावर येत होतं. स्वयंपाकघरात दोनच पेले बाहेर होते. भावोजींनी दिवा लावला आणि ते खोलीच्या दाराशीच थांबले. कपाट लाकडी, दोन दारांचं. किल्ली लावलेलीच होती.

"तुम्ही बसा बाहेर," तो म्हणाला. "तुम्ही नका बघू."

भावोजी मागे सरकले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्यानं किल्ली फिरवली. दार जरा अडकलं, मग उघडलं आणि तिचा वास अंगावर आला, औषधाच्या आधीचा, पावडरीचा आणि वापरून मऊ झालेल्या सुताचा, इतका सरळ की त्याला दाराची कड घट्ट धरावी लागली. साड्या घडी करून ओळीनं ठेवलेल्या होत्या, कडेला कडा मिळवून. सगळ्यात वर एक घडी अर्धवट होती. कुणीतरी मध्येच हाक मारल्यामुळे तशीच राहून गेलेली. बाहेरून भावोजींनी विचारलं, "आहे का सगळं नीट?"

"आहे," तो म्हणाला. त्यानं ती साडी खाली काढली, पलंगावर पसरली, दोन्ही टोकं सारखी केली आणि घडी घालायला लागला.